झोप मोजणारा पट्टा

नोकरी आणि दोन पोरं सांभाळून मी पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला झोपेचा. नवरा म्हणाला, "बरं झालं, त्या निमित्ताने तरी तुझा झोपेशी संबंध येईल."

झोप मोजणारे मनगटी पट्टे आले, तेव्हा पहिला मीच बांधला. आठवड्याने माझा आलेख पाहून गाईड सरांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हा पट्टा बिघडलाय. सारखं उठलेलंच दाखवतोय. इतकं कमी झोपून माणूस कामावर जाऊ तरी शकतो का?"

"सर, धाकटीला दात येतायत, थोरला खोकतोय, शिवाय पहाटे उठून सगळ्यांचे डबे..."

"घरचं रडगाणं संशोधनात आणू नका. दुसऱ्या कुणाला तरी बांधून बघा."

तोच पट्टा मी नवऱ्याला बांधला. घर तेच, पलंग तोच, पोरंही तीच. आलेख मात्र असा देखणा आला, की पाठ्यपुस्तकात छापावा.

सर एकदम खूश झाले.



"बघा, पट्ट्यात काही दोष नाही. तुम्हालाच तो नीट बांधता येत नाही."