दातेरी नख

शिझुनो सकाळी मागावर बसली, कानस हातात घेतली आणि उजव्या हाताकडे पाहताच ती परत खाली ठेवली. मधल्या बोटाचं नख गेलं होतं. तिनंच ते झोपेत कुरतडून पार मांसापर्यंत नेलं होतं.

निशिजिन या जपानी विणकर वस्तीतल्या या घरात आडव्या बाण्याचा धागा नखानंच ओढून बसवतात. त्यासाठी नखाला करवतीसारखे दाते पाडायचे आणि रोज घासून धारदार ठेवायचे. नख गेलं की विणकरीण गेली. नवरीच्या ओबीवर, म्हणजे किमोनोच्या रुंद कमरपट्ट्यावर, बगळ्याचा एक पंख अजून विणायचा होता आणि आठवड्याभरात नवरीकडची माणसं ओबी न्यायला येणार होती.

ओबी विणायचं काम खरं तर तिच्या नवऱ्याचं, केन्साकूचं. वसंतातच त्यानं माग सोडला. मन लागत नाही म्हणाला, तर घरानं त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं. डॉक्टर आले, मामा येऊन गेले. त्याच्या खोलीपुढून सगळे पाय न वाजवता जात. शिझुनोच्या मनाची चौकशी करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. आता हे कुरतडलेलं बोट दिसलं तर हिचंही डोकं फिरलं म्हणतील आणि माहेरी धाडतील. गल्लीतल्या एकीला असंच धाडलं होतं. पुन्हा तिला कुणी मागाजवळ फिरकू दिलं नाही.

रोजच्यासारख्या सासूबाई नखं बघायला आल्या. शिझुनोनं मूठ आवळली.

"उघड."

"मागात अडकून तुटलं, आई."

सासूबाईंनी बोट उजेडात धरून निरखलं. पण सासूबाई रागावल्या नाहीत. आत जाऊन सेनबुरीच्या कडू पाल्याचा काढा वाटीत घेऊन आल्या आणि तिच्या एकेका बोटाला चोळू लागल्या.

"झोपेत बोट तोंडात गेलं की कडू लागून जाग येते. तर्जनीच्या नखाला दाते पाड आणि बस विणायला. केन्साकूपाशी बोलू नकोस हं. त्याला काळजी सोसत नाही."

शिझुनोच्या जिवात जीव आला. "आई, हे थांबतं ना पुढे?"

सासूबाईंनी माग सोडून कितीतरी वर्षं झाली होती. वाटी जवळ ओढून त्या स्वतःच्या बोटांना काढा लावू लागल्या.