एडविनाची बोलपट-चाचणी

स्टुडिओत चिडीचूप शांतता पसरली. मायक्रोफोन डोक्यावर लोंबत होता. एडविना टार्बेलने समोर उभ्या तरुण नट लाइल हॅनफर्डच्या तोंडावर नजर रोखली.

तिला छप्पन्नावं लागलं होतं. वीस वर्षं तिने न्यूयॉर्कची रंगभूमी गाजवली. नायिका म्हणून नव्हे, खाष्ट सासू, भोचक शेजारीण, स्वयंपाकीण म्हणून. मग एका हंगामात ती तडकाफडकी हॉलिवूडच्या मूकपटांत आली. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. आता मूकपटही बंद पडत होते. सकाळपासून अकरा नट बोलपटाच्या चाचणीत नापास होऊन घरी गेले होते.

प्रवेश छोटा होता. मुलगा घर सोडून निघालाय.

"मी चाललो, आई," लाइल म्हणाला. "अडवू नकोस."

"अडवत नाही रे. पण जेवून जा."

इतक्यात तिच्या पाठीमागे छताचा भला मोठा दिवा निसटून खाली पडला आणि फुटला. बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. लाइल दचकून मागे सरला, वाक्यच विसरला. ध्वनियंत्रावरचा माणूस कान धरून ओरडला. एडविनाची पापणीही लवली नाही. लाइल गप्प झालेला पाहून ती पुढे झाली, त्याची कॉलर सारखी केली.

"घाबरलास होय? घाबरलेल्या माणसाने उपाशी निघू नये, बाळा."

लाइलच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

दिग्दर्शक क्रेब्झने मागून दोनदा हाक मारली. ती वळली नाही. "जुन्या रंगभूमीचा तोरा!" कुणीतरी कुजबुजलं. लाइलने तिच्या कोपराला हात लावला तेव्हा ती वळली. क्रेब्झ टोपी काढून उभा होता.

"बाई, छप्पर कोसळलं तरी तुम्ही भूमिका सोडायच्या नाहीत! तीन वर्षांचा करार. सात बोलपट. आणि जाहिरातीत नाव मोठ्या अक्षरांत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते उंचावलेले हात एडविनाने डोळे भरून पाहिले.

घरी धाकटी बहीण ऑर्फा दारातच थांबली होती. करार पाहून तिने एडविनाला घट्ट मिठी मारली. मग गेली दहा वर्षं करायची तसं पाटी घेऊन खडूने लिहिलं, "तुला ऐकू येत नाही, हे कळलं नाही त्यांना?"

एडविना खो खो हसत सुटली.

"अगं, उलट त्यावरच खूश झाले! माझ्या मागे म्हणे काहीतरी धाडकन पडलं!"