साबणानंही न जाणारा

बाळाला बघायला म्हणून नणंद आली, पाळण्याकडे एक नजर टाकली आणि पर्समधून दोन इवल्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. एक पीचची, एक लीचीची. दुकानदाराने नमुना म्हणून दिलेल्या. दोन्हींचा वास इतका गोड की झाकण उघडताच घरात जॅमची बरणी फुटल्यासारखं वाटलं. कुठला परफ्यूम घ्यावा या विचारानं तिला आठवडाभर झोप नव्हती. कुणा माणसासाठी तिची झोप उडाल्याचं मात्र घरात कुणाला आठवत नव्हतं.

असले वास कागदावर कळत नाहीत, अंगावर लावून थांबावं लागतं, एवढं ज्ञान तिला होतं. पण तिची त्वचा नाजूक. पुरळ उठलं तर काय करायचं? भावजयीच्या त्वचेची तिला तशी काही काळजी नव्हती.

भावजय तीन आठवड्यांची बाळंतीण. बाळाचं वजन भरत नव्हतं. दर दोन तासांनी पाजा, उद्या पुन्हा बघू, नाही वाढलं तर दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं ते सांगून पाहिलं, अंगाला वास लागला तर बाळ पिणार नाही म्हणाली. दोन थेंबांनी काय आभाळ कोसळणार आहे, असं सासूबाई म्हणाल्या. लेकीच्या हौसेपुढे त्यांना एरवीही काही दिसत नसे.

"दे गं हात," नणंद म्हणाली.

डाव्या हाताला पीच, उजव्याला लीची, दोन्ही कोपरापर्यंत. संध्याकाळपर्यंत धुवायचं नाही, अशी वर ताकीद. मग मायलेकी चहा घेत बसल्या.

आतल्या खोलीत बाळानं डावीकडे तोंड लावलं आणि लगेच मान फिरवली. उजवीकडेही तेच. ते किंचाळून लाल झालं, तेव्हा भावजयीनं ताकीद धाब्यावर बसवली आणि दोन्ही हात साबणानं घासघासून धुतले. कातडी चुरचुरायला लागली तरी ती थांबली नाही.

संध्याकाळी नणंद चौकशीला आली. बाळाची नव्हे, परफ्यूमची. हात धुतल्याचं कळताच तिचं तोंड वाकडं झालं. साधं एक काम सांगितलं तर तेही धड होत नाही, असं ती सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

"लीचीचा वास गेला, ताई," भावजय म्हणाली. "त्या बाजूला थोडं प्यायलं. डावीकडे अजून तोंड लावत नाही. दुपारपासून अर्धपोटी आहे हो ते."

नणंदेनं तिचा डावा हात ओढून नाकाशी धरला. एक लांब श्वास घेतला. चेहरा एकदम खुलला.

"साबणानंही गेला नाही?"

तिनं तिथूनच दुकानात फोन लावला. तेवढ्यात बाळानं पुन्हा टाहो फोडला. तशी तिनं दुसऱ्या कानावर तळहात दाबला आणि पीचची मोठी बाटली बाजूला काढून ठेवायला सांगितली.