वारा पडला तेव्हा

दुपारी पठारावरच्या पवनचक्क्या अंदाजाआधीच थांबल्या आणि कुमुदच्या भट्टीवर पिवळा दिवा लागला. वारा कमी पडला की गावातल्या कुणीतरी आपली वीज सोडायची, असा आता नियमच होता. आज पाळी कुमुदची होती. भट्टीत शाळेच्या भिंतीसाठी तिने घडवलेल्या मातीच्या फरशा भाजत होत्या. मध्येच वीज गेली तर सगळ्या तडकणार होत्या.

तिने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात शेजारच्या दस्तगीरचा फोन आला. त्याची फुलांची शीतखोली होती.

"ताई, भट्टी बंद करू नका. तुमची पाळी मी घेतो. दार उघडलं नाही तर माझी खोली संध्याकाळपर्यंत गार राहते."

संध्याकाळ झाली तरी पाती हलली नाहीत. कुमुदने घाबरून फोन केला. "भाऊ, आता मी बंद करते. तुमची फुलं जातील."

"आत्ता तर भट्टी ऐन तापली असेल," तो म्हणाला. "राहू द्या."

वारा पहाटे आला. फरशा शाबूत निघाल्या. कुमुद तशीच शीतखोलीकडे धावली. बाजारात जायच्या निशिगंधाच्या साऱ्या कळ्या उमलून गेल्या होत्या. आता त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. ती दारातच थबकली.

दस्तगीरने एक मोठी जुडी तिच्या हातात दिली. "उभ्या काय राहिलात? चला, वाटून टाकू."

कुमुदने डोळे पुसले आणि पदर खोचला. त्या सकाळी गावातल्या प्रत्येक घरात निशिगंधाचा वास होता.