पुदिन्याची राखण

रविताने स्लॅबवर सोलर ड्रायर मांडला, त्यात पुदिना पसरला आणि काचेच्या झाकणाला कडी घातली. सासूला म्हणाली, "आई, आता उन्हात राखणीले बसू नका. वांदरं काही करू शकत नाही."

"बरं," सुंदरबाई म्हणाल्या.

दुपारी रविता वर गेली, तर सुंदरबाई डोक्यावर पदर घेऊन, काठी धरून ड्रायरजवळ बसलेल्या.

"आई, काऊन बसून राहिल्या?"

"वांदराले कडी उघडता येते वो."

"खरं हाय," शेजारच्या स्लॅबवरून मंगलीबाई म्हणाल्या. त्यांच्याही हातात काठी होती.

रविताने खालून दोघींसाठी चहा आणला. मंगलीबाईंना कप द्यायला ती कठड्यावरून वाकली, तेव्हा तिला दिसलं, त्यांच्या स्लॅबवर तर वाळत काहीच नव्हतं.