बेटावरची नदी

नकाशांचं पुस्तक उघडं होतं, पण विमलबाईंचं बोट काही सुमात्रा बेटावर टेकेना. समोर खुर्ची असून येसूबाई जमिनीवरच बसली होती. वर बसा म्हणून तीनदा सांगून झालं होतं. तिच्या मांडीशी कापडी पिशवी होती. पिशवीत नारळ, हिरवा खण आणि पुडीत बांधलेले तांदूळ.

"त्या बेटावर नदी कोंची हाय, तेवढं सांगा बाई," ती म्हणाली. "ओटी भरायची हाय. नाव घेतल्याबिगर ओटी पोचत नाय."

येसूबाई कोंडाण्याकडची. तिचा स्वप्नील कर्जतच्या शाळेत विमलबाईंच्या हाताखाली भूगोल शिकला. शिकला म्हणजे काय, नकाशात नदी काढताना हा पोरगा समुद्रापासून सुरुवात करायचा आणि रेघ डोंगरापर्यंत नेऊन सोडायचा. अरे, पाणी काय घाट चढतं का, म्हणून बाई त्याचा कान धरायच्या आणि तो हसायचा. पुढे तो खालापूरला क्रेन चालवू लागला. लग्न झालं. आठ महिन्यांपूर्वी जास्त पगार मिळतो म्हणून सुमात्राला गेला, कोळसा वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे नदीतल्या सपाट मालबोटीवर. चार महिन्यांपूर्वी ती बार्ज पुरात उलटली. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, स्वप्नीलचं मिळालं नाही. कोणत्या नदीत, तेही धड कळलं नाही. बार्ज आज एका नदीत तर उद्या दुसरीत. ज्या एजंटाने पाठवलं होतं, त्याचा फोन त्या आठवड्यापासून बंद होता.

आज सकाळीच तिच्या नवऱ्याचा, कोंडाजीचा, फोन येऊन गेला होता. येसू पोराचे दिवस करू देत नाही, असं तो सांगत होता. बेट म्हणजे तिला परसातल्या बांबूच्या बेटाएवढं वाटतं. केवढंसं ते बेट आणि केवढीशी त्यातली नदी. भर पुरात उल्हास नदी पोहून जाणारा आपला पोर, लागला असेल कुठल्यातरी काठाला, असं रोज सुनेला सांगत बसते. सून श्रद्धा पोटुशी, नववा महिना लागलेला. तीही मग त्या बोलण्यावर दोन घास जेवते आणि दाराकडे बघत राहते.

"तुमचं ती ऐकंल बाई," कोंडाजी म्हणाला होता. "बेट केवढं हाय, तेवढं सांगा तिला. माज्या तोंडातनं निगत नाय."

विमलबाई बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या राहायच्या त्या भिसेगावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचा मार खाल्लेलं कोणी ना कोणी असेल. त्यांना आज पहिल्यांदाच भूगोल सांगायची भीती वाटत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला होता मुलगा आणि काडी धरून बसली होती आई. ती काडी आता आपण काढून घ्यायची होती. लहानच आहे हो नदी, असं म्हणून हिला पाठवून द्यावं, असंही क्षणभर वाटून गेलं. पण खोटा भूगोल त्यांना सांगता येईना.

"येसूबाई, बेट लहान नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट आहे."

मग बाई वर्गातल्यासारख्या बोलत सुटल्या, कारण थांबल्या असत्या तर रडू फुटलं असतं. आपल्या सह्याद्रीसारखेच तिथे पश्चिमेला डोंगर आहेत, मोठ्या नद्या पूर्वेला वाहत जातात. मुसी, बातांगहारी, इंद्रागिरी, कंपार, रोकान. आपली उल्हास घाटातून खाडीपर्यंत जेमतेम सव्वाशे किलोमीटर, बातांगहारी आठशे. मुखाशी तर या काठावरून मारलेली हाक त्या काठाला पोचत नाही.

येसूबाईने सगळी नावं पुन्हा विचारली. एकेक नाव ती पुटपुटत घोकत होती. बातांगहारीपाशी अडखळली. तिथल्या भाषेत बातांग म्हणजे नदी, नाव नुसतं हारी, असं बाईंनी समजावलं. मग हरीच की, असं ती हळूच म्हणाली आणि पुढचं नाव घोकू लागली. शेवटी पाची नावं तिने मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मागितली. नारळ एकच होता. पाचीजणींची नावं घेऊन तो उल्हासमध्ये सोडायचा, जिचा असेल तिला पोचेल, असं तिने ठरवून टाकलं.

ते बघून विमलबाईंना राहवेना. त्यांनी तिचा हात धरला. ओटी भरून कुठलीच नदी आता त्याला परत देणार नाही, नवस बोलू नका, पोराचे दिवस करून घ्या, असं त्या कसंबसं बोलल्या.

येसूबाईने कागदाची घडी घालून ती खणात ठेवली.

"माजा पोर गेला, ते मला पयल्या दिशीच उमगलं बाई," ती म्हणाली. "पन सून मोकळी होईस्तवर ते बेट लहानच ऱ्हाऊ द्या. मला ठावं हाय, ते आमच्या यांनाबी सांगू नका, त्यांच्या तोंडावर लगीच दिसतं."

"मग ही ओटी?"

"परत मागायला नाय भरत," येसूबाई उठता उठता म्हणाली. "पोर नदीच्या ओटीत घातलाय. जिच्या ओटीत घातला, तिचं नाव तरी आयेला ठावं नको?"