खोलीची वजावट
वर्ना ओहायोत घरच्या घरी नवरीचे गाऊन शिवायची. नवरा ओटिस वर्षभर कामाविना बसला होता, घराचे हप्ते थकले होते आणि त्यात आता कर भरायचा होता. करसल्लागार बाईंनी कापड, दोरे, मशीनची दुरुस्ती असं सगळं वजा करून पाहिलं. तरी आकडा आवाक्यात येईना. "शिवणाच्या खोलीचा खर्चही वजा होईल," त्या म्हणाल्या, "पण ती फक्त धंद्यासाठीच वापरलेली हवी. तिथे दुसरं काही नाही ना?" "नाही," ओटिस घाईने म्हणाला. "पलंग आहे," वर्ना म्हणाली, "डेरिकचा." पोरगा बापाशी भांडून गेला होता, त्यानंतर ना फोन, ना पत्ता. "त्यावर कुणी झोपत नाही, मॅडम! ही उगाच दर रविवारी चादर बदलते." मग ओटिस तिच्याकडे वळला. "अगं, घरच गेलं तर तो येणार कुठे? सांग ना, खोली शिवणाची आहे म्हणून!" "खोली त्याची आहे," वर्ना म्हणाली. "मी तिथे नुसती शिवते." बाईंनी खोलीचा खर्च खोडला. बाहेर आल्यावर ओटिस समोरच्या दुकानात गेला. तिथून 'विकणे आहे'ची पाटी आणून त्याने ती आपल्या जुन्या ट्रकच्या काचेला लावली. "दारात ट्रक दिसला नाही, तर त्याला वाटेल आपण घर सोडून गेलो," वर्ना म्हणाली. "मग एकदा दार वाजवू दे त्याला," ओटिस म्हणाला.